जुनी बॉडी, वरचे पैसे

१ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, शिक्के बदलले. फोटोग्राफरचा बाजार मात्र अकोल्यालाच राहिला. तिथे जमलं नाही तर अमरावती, नाहीतर थेट नागपूर. रिसोडचा असो, मानोऱ्याचा असो की कारंज्याचा, नवा स्टुडिओ टाकणाऱ्या पोराची पहिली दमदार बॉडी बहुधा कुणाची तरी वापरलेली असते. ओळखीच्या दुकानात आपला जुना कॅमेरा ठेवायचा, वरचे पैसे मोजायचे आणि एक पायरी वरचा कॅमेरा घेऊन गावी परतायचं. आपल्या भागातली फोटोग्राफी या अदलाबदलीच्या काउंटरने उभी केली, असं माझं स्पष्ट मत आहे. कोणत्याही योजनेने किंवा शिकवणीने तेवढं केलेलं नाही.

हा व्यवहार डिजिटलच्या फार आधीचा आहे. परदेशी कॅमेऱ्यावर आयातीचे निर्बंध आणि जबर जकात होती, तेव्हा नवा जपानी कॅमेरा तालुक्याच्या गावी कुणाला परवडणार? घरोघरी होता तो बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री: १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. फिल्मसाठी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल. स्टुडिओवाल्याला मात्र यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा हवा असायचा, आणि तो मुंबईहून हातोहात फिरत यायचा. फोर्टातला बोरा बाजार हे त्या साखळीचं मूळ. तिथला माल नागपूर-अकोल्याच्या दुकानात उतरायचा आणि तिथून आपल्याकडे. पुढे लग्नाच्या शूटिंगसाठी पॅनासोनिकचे खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरे आले. एका शहरात दोन-तीन हंगाम राबलेला एम-९००० इकडे आणखी काही लग्नसराया काढायचा.

काउंटरवरची तपासणी हा या धंद्याचा खरा अभ्यासक्रम. “भाऊ, क्लिक किती झाले?” हा पहिला प्रश्न. २०१४ च्या निकॉन डी७५० चं शटर कंपनीच्या हिशोबाने दीड लाख क्लिकचं. आजकाल एका लग्नात तीन-चार हजार फोटो सहज निघतात, म्हणजे चाळीस-पन्नास लग्नांत त्या शटरचं ठरलेलं आयुष्य संपतं. काही शटर त्यापुढेही बिनतक्रार चालतात, पण भाव ठरतो तो या आकड्यावर.

मग लेन्स. दुकानदार दोन्ही टोप्या काढतो, छिद्र पूर्ण उघडतो आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारतो. समोरून स्वच्छ वाटणारी काच अशा उजेडात सगळं सांगून टाकते. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की समजायचं, फंगस. आपल्याकडे उन्हाळा कोरडा रखरखीत, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण आषाढ-श्रावणात बंद कपाटात, चामड्याच्या ओलसर कव्हरमध्ये पडलेल्या लेन्सला बुरशी धरतेच. सुरुवातीला ती पुसून निघते. वेळ गेला तर तिचं आम्ल काचेवरचा लेप खातं, आणि तो डाग कुणालाच काढता येत नाही. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या चार पुड्या एवढ्यावर हजारोंचं नुकसान टळतं.

झूमची रिंग फिरवताना करकर आली तर ती बहुतेक वेळा हळदीची. हळदीच्या कार्यक्रमात पिवळी पूड रिंगच्या फटीत शिरते आणि आत घट्ट बसते. जाणता दुकानदार रिंगच्या रबरावरचा पिवळसर कड बघूनच भाव कमी करतो.

नवख्याची फसगत मात्र जुळणीत होते. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, त्यामुळे कोणतीही निकॉन लेन्स कोणत्याही बॉडीवर चालेल असं पोरं धरून चालतात. स्वस्तात मिळाली म्हणून पन्नास एमएमची ‘डी’ लेन्स घेतात, डी३४०० ला लावतात आणि फोकस आपोआप होत नाही म्हणून परत येतात. लेन्समध्ये मोटर नाही आणि त्या बॉडीतही नाही. तीच लेन्स डी७५० वर फटकन फोकस करते. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तेव्हा जुन्या एफडी लेन्सशी नातंच तोडलं. हे समजावून सांगणारा आणि त्यासाठी एक विक्री हातची सोडणारा माणूस काउंटरपलीकडे असला, तर ते दुकान पिढ्यान् पिढ्या चालतं.

२०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघांनी फुल फ्रेम मिररलेस कॅमेरे आणले आणि ही साखळी हादरली. २०२० नंतर या दोन्ही कंपन्यांनी एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही. शहरातल्या फोटोग्राफरांनी जुन्या बॉड्या एकदम काउंटरवर आणून ठेवल्या आणि भाव घसरले. विकणाऱ्याला हे झोंबतं, पण आपल्या भागातल्या शिकाऊ पोरासाठी इतका चांगला काळ पूर्वी कधी नव्हता. कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळविटांमागे फिरणाऱ्या हौशी माणसाला, पोहरादेवीची यात्रा टिपणाऱ्या बातमीदाराला, शिरपूरच्या मंदिराची नोंद करणाऱ्या अभ्यासकाला दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर पुरून उरतो. मोठ्या छपाईलाही तो कमी पडत नाही.

जगभर हा व्यापार आता मोठ्या कंपन्यांच्या हाती जातो आहे. २०११ मध्ये इंग्लंडातल्या ब्रायटनला सुरू झालेली एमपीबी ही कंपनी वापरलेले कॅमेरे तपासून, प्रत ठरवून, हमीसह घरपोच देते. आपल्याकडेही ऑनलाइन सौदे वाढले आहेत. तिथे फोटो दिसतो, पण रिंगमधली करकर ऐकू येत नाही. शिवाय बिल-बॉक्स नसलेला कॅमेरा चोरीचा निघाला तर निस्तरायचं घेणाऱ्यानेच. ओळखीचा दुकानदार सिरियल नंबर बिलाशी ताडून घेतो, आठ-पंधरा दिवस वापरून बघायला देतो. मला सर्वांत मोठी काळजी वाटते ती दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची. त्यांच्या हाताखाली नवी मुलं येत नाहीत, आणि तो माणूस उठला की जुन्या बॉडीला भंगाराचाच भाव.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत कपाटातून निघालेला कॅमेरा परत वर टाकू नका. सेल काढून ठेवा, लेन्स उजेडात धरून बघा, बिल शोधा. वापरणार असाल तर वापरा. नसाल तर तुळशीच्या लग्नाआधी शहरातल्या चांगल्या दुकानात नेऊन द्या. त्यानंतर लग्नसराई सुरू होते आणि तीच बॉडी शोधत आलेला एखादा नवा स्टुडिओवाला तिथे उभा असतो. मेमरी कार्ड मात्र आठवणीने काढून घ्या.