जोहान्सबर्गचे कार्लटन हॉटेल : खाणनगरीच्या इतिहासाचे एक साधन

विटवॉटर्सरँडवर इ. स. १८८६ मध्ये सोन्याचा शोध लागला आणि उघड्या माळावर जोहान्सबर्ग हे नगर उभे राहिले. खाणनगरीतील मोठे हॉटेल हे केवळ प्रवाशांचे निवासस्थान नसते. भांडवलदार व राज्यकर्ते यांचे ते भेटीचे स्थान असते. म्हणूनच त्याच्या दारातून कोणास प्रवेश मिळाला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. १८९३ मध्ये मोहनदास गांधी या नगरात प्रथम आले, तेव्हा ग्रँड नॅशनल हॉटेलच्या व्यवस्थापकाने जागा नसल्याचे सांगून त्यांना परत पाठविले. कार्लटन हॉटेल १९०६ मध्ये सुरू झाले, ते याच नगरात.

या हॉटेलाचे खरे महत्त्व तेथे झालेल्या वाटाघाटींत आहे. जुलै १९१३ मध्ये गोऱ्या खाणकामगारांच्या संपात गोळीबार होऊन अनेकजण ठार झाले. तेव्हा पंतप्रधान लुई बोथा व जनरल स्मट्स यांनी संपाच्या पुढाऱ्यांशी कार्लटनमध्येच तडजोड केली. खाणींच्या बंदिस्त आवारांत राहणाऱ्या आफ्रिकी मजुरांना मात्र या बोलण्यांत स्थान नव्हते. त्याच महिन्यात त्यांनी केलेला संप बळाने मोडून काढण्यात आला.

जुनी वास्तू १९६० नंतरच्या दशकात पाडण्यात आली आणि १९७२ मध्ये कार्लटन सेंटर या प्रचंड संकुलात त्याच नावाचे नवे हॉटेल उघडले. संकुलातील पन्नास मजली इमारत पुढे अनेक वर्षे आफ्रिकेतील सर्वांत उंच इमारत होती. २२ नोव्हेंबर १९७९ रोजी पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथा यांनी उद्योगपतींची परिषद येथेच भरविली. शासन व खाजगी भांडवल यांचे सहकार्य हा तिचा हेतू होता.

२ मे १९९४ रोजी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचा निवडणुकीतील विजय नेल्सन मंडेला यांनी याच हॉटेलात जाहीर केला. त्या वेळी पक्षाचे सरचिटणीस असलेले सिरिल रामफोसा हे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय खाणकामगार संघाचे पहिले सरचिटणीस होते. १९१३ मध्ये ज्यांना बोलणीत स्थान नव्हते, त्यांचा प्रतिनिधी आता सत्तेच्या दाराशी पोहोचला होता.

परंतु त्या सुमारास भांडवल शहराचा मध्यभाग सोडून उत्तरेकडील सँडटनकडे जाऊ लागले होते. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हॉटेल बंद पडले. २००० मध्ये रोखे बाजारही सँडटनला गेला. प्रवेशाचा हक्क व संपत्तीची मालकी हे दोन भिन्न प्रश्न होत. कार्लटनच्या इतिहासात पहिला सुटलेला दिसतो. दुसरा केवळ स्थलांतरित झाला.