पोर्शेचे ब्रेक वाजतात, पॅड संपलेले नसतात

‘ब्रेक वाजतायत? मग पॅड संपले असणार.’ पोर्शे ९११ बाळगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. शेजाऱ्याने म्हटलं तर सोडून देता येतं. पण गॅरेजमध्ये चाकही न खोलता हेच निदान होतं, तेव्हा चीड येते. निम्म्याहून जास्त शिल्लक असलेले पॅड भंगारात जातात, नवे बसतात, काही दिवसांत तोच कर्कश आवाज परत येतो आणि मग डिस्क बदलायचा सल्ला मिळतो. बिल फुगत जातं, आवाज आहे तिथेच राहतो.

हा समज आला कुठून, ते आधी बघू. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांत पॅडच्या पाठीला स्प्रिंग-स्टीलची एक छोटी पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला टेकते आणि आवाज करू लागते. ती बसवलेलीच त्यासाठी असते, म्हणून तिथे आवाज म्हणजे पॅड बदलायची सूचना, हे बरोबरच आहे. ९११च्या मूळ पॅडवर मात्र ही पट्टी नसते. तिथे सेन्सरची वायर असते. झिजेची मर्यादा आली की ती वायर डिस्कवर घासून तुटते आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. म्हणजे ज्या पट्टीमुळे ‘आवाज आला की पॅड गेले’ हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं, ती पट्टीच या गाडीत नाही. इशारा आलेला नाही, चाकाच्या स्पोकमधून टॉर्च मारली तर जाडजूड पॅड दिसतोय, तरीही पॅड संपले म्हणणं याला काहीही आधार नाही. अपवाद एकच: आधीच्या मालकाने दुसऱ्या कंपनीचे पॅड टाकून सेन्सरची वायर वर बांधून ठेवली असेल, तर इशाऱ्यावर विसंबू नका, जाडी मोजून घ्या.

मग वाजतं काय? ओलं बोट काचेच्या ग्लासच्या काठावरून फिरवलं की ग्लास गाऊ लागतो, तसंच इथे डिस्क, पॅड आणि कॅलिपर मिळून कंप पावतात. घर्षण त्या कंपनाला ऊर्जा पुरवत राहतं आणि डिस्कची पसरट लोखंडी तबकडी लाउडस्पीकरच्या पडद्यासारखं काम करते. हलणं काही मायक्रॉनचंच असतं, पण कंप्रता हजार हर्ट्झच्या वर, अनेकदा त्याच्या कितीतरी पट. आपला कान नेमका याच पट्ट्यात फार संवेदनशील असतो. या कंपनाचा आणि पॅडच्या उरलेल्या जाडीचा थेट संबंध नाही. कालच बसवलेला पॅडही वाजू शकतो आणि पार झिजलेला पॅड गप्प राहू शकतो. दुसरी शक्यता जास्त धोक्याची आहे. ‘आवाज नाही, म्हणजे पॅड ठीक आहेत’ असं मानणारा माणूस याच समजाची उलटी बाजू घेऊन गाडी चालवत असतो.

आणि हा आवाज आजचा नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हाच तांब्याच्या पॅडची किंकाळी ही त्याची मोठी डोकेदुखी होती. काही वर्षांनी हर्बर्ट फ्रूडने ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावून ती कमी केली. २००३मध्ये ‘जर्नल ऑफ साउंड अँड व्हायब्रेशन’मध्ये किनकेड, ओरायली आणि पापाडोपुलस यांनी या विषयावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. शतकभर अभ्यास होऊनही ब्रेकची किंकाळी हा पूर्ण सुटलेला प्रश्न नाही, असंच चित्र त्यातून समोर येतं. तिथे कुणी नुसता कान देऊन ‘पॅड गेले’ म्हणतो, तेव्हा तो निदान करत नसतो, अंदाज ठोकत असतो.

स्पोर्ट्स कारमध्ये हे जास्त का होतं, याचं कारण तिच्या कामात आहे. तिचे पॅड जोरदार पकडीसाठी आणि मोठ्या तापमानासाठी बनवलेले असतात. त्यात धातूचं प्रमाण बऱ्यापैकी असतं. घर्षणांक जितका जास्त, तितकी कंपन सुरू होण्याची शक्यता जास्त. त्यात मोठी डिस्क (९९७ पिढीच्या कॅरेरा एसची पुढची डिस्क ३३० मिलिमीटरची आहे) आणि चार पिस्टनचा, जागेवर घट्ट बसवलेला ॲल्युमिनियमचा कॅलिपर. घरगुती गाडीत आवाज मारण्यासाठी जे मऊ मिश्रण वापरतात, ते इथे वापरलं तर डोंगरउतारावर तिसऱ्या-चौथ्या जोरदार ब्रेकला पकड सुटायची. वेग, ब्रेकचा जोर, तापमान आणि आर्द्रता यांनुसार ब्रेक वाजू शकतात, हे पोर्शेच्या मालक-पुस्तिकेतच नमूद केलेलं असतं. ते पान एकदा उघडून वाचा.

याचा अर्थ काहीच करता येत नाही, असा मुळीच नाही. आधी आवाज कधी येतो, ते टिपून ठेवा. पावसाळ्यात मुंबईत रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पार्किंगमधून मागे घेताना वाजली आणि दोन-चार ब्रेकनंतर शांत झाली, तर तो डिस्कवर चढलेला गंजाचा पातळ थर आहे. तिथे दुरुस्ती लागतच नाही. सिग्नलला हळू थांबताना, हलक्या पायावर रोज वाजते, तर पॅडचा पृष्ठभाग चकचकीत झालेला असण्याची शक्यता मोठी. शहरातल्या रांगेत या पॅडना हवं ते तापमान कधी मिळतच नाही. एकाच चाकातून आवाज येत असेल, तर मात्र अडकलेला पिस्टन, जागेत जाम झालेला पॅड किंवा डिस्कमागच्या पत्र्यात अडकलेला खडा शोधायला हवा.

मग चाक खोला आणि पॅडच्या पाठीमागे बघा. ९११च्या कॅलिपरमध्ये पिस्टनच्या पोकळीत बसणारे डॅम्पर असतात. त्यांची एक बाजू पॅडच्या पाठीला चिकटवलेली असते. पॅड बदलताना हे डॅम्पर नवे घालायचे असतात, कारण जुन्यांचा चिकटपणा गेलेला असतो. कित्येक ठिकाणी जुनेच परत ढकलतात किंवा सरळ काढून टाकतात, आणि नवे पॅड पहिल्या दिवसापासून वाजतात. त्यानंतर पॅड ज्या कडांवर सरकतो, तिथला गंज आणि ब्रेकची काळी भुकटी साफ करायची. पॅडच्या पुढच्या-मागच्या कडेला उतार नसेल, तर कानशीने हलका उतार देता येतो.

शेवटी नवे पॅड ‘बसवणं’, म्हणजे पॅडच्या मिश्रणाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढवणं. साधारण ताशी १०० किलोमीटरवरून १५-२०पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा जोरदार ब्रेक, आणि मग थंड होईपर्यंत शक्यतो ब्रेकला हात न लावता चालवणं. पॅडच्या कंपनीची सूचना वेगळी असेल, तर तीच पाळावी. हे काम बंदिस्त ट्रॅकवर करावं. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे ही त्याची जागा नव्हे.

आवाज बंद करायचे जे ‘उपाय’ सर्रास सांगितले जातात, त्यांतला एक जिवावर बेतू शकतो. पॅडच्या घर्षणाच्या बाजूला तेल, ग्रीस किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारला की आवाज जातो, हे खरं आहे. त्याबरोबर ब्रेकही जातो. असं कुणी केलं असेल, तर तो पॅड परत वापरू नका. पिस्टनच्या रबरी सीलजवळ साधं ग्रीस लावणंही चूकच, कारण खनिज तेलाने ते रबर फुगतं.

बाकीचे समज थोडक्यात. ‘पेडल थरथरतं, म्हणजे डिस्क वाकडी झाली’: फोर्ड जीटी४०च्या मोहिमेत काम केलेले रेसिंग अभियंते कॅरल स्मिथ यांनी लिहून ठेवलं आहे की त्यांनी तपासलेल्या अशा प्रकरणांत डिस्क वाकलेली नव्हती, पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसला होता. ‘रेसिंगचे पॅड टाकले की सगळं सुटेल’: ट्रॅकचे पॅड थंड असताना रस्त्यावर आणखी जोरात वाजतात आणि पहिल्या ब्रेकला कमी धरतात. ‘आवाज आला की डिस्क लेथवर फेस मारून घ्या’: प्रत्येक वेळी धातू कमी होतो, आणि किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. ‘सिरॅमिक डिस्क आयुष्यभर टिकते’: पोर्शेने २००१च्या ९११ जीटी२मध्ये आणलेल्या या डिस्कही ट्रॅकवर झिजतात, फक्त त्यांची झीज जाडीपेक्षा वजनातल्या घटीवरून ओळखतात.

धातूवर धातू घासल्याची घरघर, एका बाजूला ओढणारं स्टिअरिंग, खोल जाणारं पेडल, डॅशबोर्डवरचा इशारा: यांपैकी काही दिसलं तर गाडी त्याच दिवशी थांबवा. नुसती किंकाळी असेल, तर घाई करू नका. ‘पॅड संपलेत’ असं कुणी सांगितलं तर किती मिलिमीटर उरलेत, ते विचारा, चारही चाकांचे आकडे लिहून मागा आणि ते हातात येईपर्यंत अंदाजपत्रकावर सही करू नका.