तीन अंशांच्या आत

१९६९ सालच्या शेव्हरोले कमॅरोत आजच्या काळातलं इंजिन बसवायचं असेल, तर इंजिन बसवणं हा त्यातला सोपा भाग आहे. चेनब्लॉकला टांगलेलं जुनं इंजिन वर निघतं, नवं खाली उतरतं, चार बोल्ट आवळले जातात आणि बघणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण कस लागतो तो पुढे, गाडीच्या पोटाखाली. तिथे सगळा हिशोब अंशांचा असतो, आणि तो करणारी माणसं आता फार उरलेली नाहीत.

संपादकांना दिवाळी अंकासाठी डेट्रॉईटवर लेख हवा होता. बंद कारखाने आणि ओस पडलेली घरं यांवर पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून मी वुडवर्ड ॲव्हेन्यूकडे वळलो. डेट्रॉईट शहरातून वायव्येला पॉन्टिॲकपर्यंत जाणारा हा रुंद रस्ता. १९६०च्या दशकात इथे रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत. १९९५पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. पुण्याहून इथे येऊन गिअरबॉक्सच्या आरेखनात स्थिरावलेला माझा एक मित्र म्हणाला, जत्रेतल्या चकचकीत गाड्या काय बघतोस, त्या जिथे तयार होतात ते बघ. आणि तो मला या रस्त्यापासून आत एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये घेऊन गेला.

आधी इतिहास, थोडक्यात. जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. १९६४ साली कंपनीच्याच पॉन्टिॲक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंची, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन टेम्पेस्ट गाडीत बसवलं आणि ते नवं मॉडेल म्हणून न आणता जादा सामानाच्या यादीत टाकलं. ती जीटीओ. मसल कारची परंपरा बहुतेक जण तिथून मोजतात. त्याच वर्षी फोर्डची मस्टँग आली, तिला उत्तर म्हणून १९६६च्या शरद ऋतूत कमॅरो आली. पुढे विम्याचे हप्ते चढले, १९७०चा हवाशुद्धीचा कायदा आला, १९७३ला अरबांनी तेल रोखलं, आणि दहा वर्षांत हा खेळ आटोपला.

गाड्या मात्र राहिल्या. त्या सरळ रस्त्यावर पळण्यासाठी केलेल्या होत्या. वळायचं आणि थांबायचं म्हटलं की त्यांची तारांबळ उडे. १९६९च्या कमॅरोला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवे असतील तर जादा पैसे मोजावे लागत, नाहीतर चारही चाकांना ड्रम. मागचा ॲक्सल पाट्यांवर टांगलेला.

१९९७ साली नव्या कॉर्व्हेटबरोबर जनरल मोटर्सने एलएस घराण्यातलं पहिलं इंजिन आणलं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ती. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सगळं नव्याने आखताना या मंडळींनी शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर ४.४ इंचच ठेवलं, म्हणजे १९५५च्या शेव्हरोले व्ही-८मध्ये होतं तेवढंच. इंजिनाच्या मागच्या तोंडावरची, गिअरबॉक्स जोडायची बोल्टांची मांडणीही जवळपास तशीच राहिली. म्हणून नव्या पिढीचं इंजिन जुन्या गाडीला परकं वाटत नाही. पुढे कॉर्व्हेटमध्ये आलेलं ६.२ लिटरचं एलएस-३ आज खोक्यात बंद, कोरं विकत मिळतं, ४३० अश्वशक्तीचं. १९६९च्या कमॅरोतलं ३५० घनइंची इंजिन कागदावर ३०० अश्वशक्तीचं होतं, पण तेव्हा इंजिन बाकावर उघडं ठेवून, सायलेन्सर आणि इतर जोडण्या न लावता शक्ती मोजत. आजचा आकडा गाडीत बसलेल्या अवस्थेचा असतो. त्यामुळे प्रत्यक्षातली तफावत कागदावरच्या तफावतीहून बरीच मोठी आहे. शिवाय नवं इंजिन बिडाच्या जुन्या इंजिनापेक्षा पन्नासहून अधिक किलोंनी हलकं.

ज्यांच्यासाठी मी त्या गॅरेजमध्ये रेंगाळलो ते गृहस्थ सत्तरीच्या पुढचे आहेत. नाव छापू नका म्हणाले. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी गिअरबॉक्सच्या कारखान्यात काढली. चार खांबी लिफ्टवर एक निळी कमॅरो चढवलेली होती. दुसऱ्या एका गॅरेजने तिच्यात एलएस-३ आणि ट्रेमेक कंपनीचा सहा गिअरचा मॅग्नम गिअरबॉक्स बसवून दिला होता. मालकाची तक्रार एकच: ताशी ११० किलोमीटरला गाडी घुमते. आरसा थरथरतो, सीटखालून एक अखंड घुमारा येतो. चाकं बॅलन्स करून झाली, टायर बदलून झाले, घुमारा जागच्या जागी.

त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पोटाखाली गेले. गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस, ज्याला इंजिनिअर युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. आपल्याकडे ट्रकच्या गॅरेजमध्ये ‘क्रॉस गेला’ हे वाक्य रोज ऐकू येतं, तोच हा. वाकलेल्या कोनातूनही फिरणं पुढे देणारा हा सांधा शेकडो वर्षं जुना आहे, आणि त्याच्यातली खोड सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने दाखवून दिली. कोनात असलेला क्रॉस एका गतीने आत घेतलेलं फिरणं त्याच एका गतीने बाहेर देत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो किंचित पुढे पळतो आणि दोनदा किंचित मागे रेंगाळतो. कोन तीन अंश असेल तर हा चढउतार हजारात जेमतेम दीड. सहा अंश झाला तर हजारात साडेपाच. कोन दुप्पट, धक्का चौपट.

यावर उतारा म्हणजे दुसरा क्रॉस. पुढच्याने केलेली गडबड मागच्याने तेवढीच उलटी करायची. त्यासाठी गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या तोंडाची, रेषा एकमेकींना समांतर हव्यात, म्हणजे दोन्ही सांध्यांवरचे कोन सारखे होतात. तरीही मधला शाफ्ट अडखळतच फिरत असतो. म्हणून कोन तीन अंशांच्या आत ठेवायचे. आणि शून्यही चालत नाही. निदान अर्धा अंश लागतो, नाहीतर क्रॉसमधल्या सुईसारख्या बेअरिंग जागेवरून हलत नाहीत आणि एकाच जागी खाचा पाडतात.

त्या माणसाचं मोजणं बघण्यासारखं होतं. मोजायच्या तिन्ही जागा पॉलिश पेपरने घासून त्यांनी धातू उघडा केला. गाडीचं वजन चाकांवरच हवं. दोन खांबी लिफ्टवर ॲक्सल लोंबकळतो आणि सगळे आकडे खोटे येतात. पेट्रोलची टाकी निम्मी भरलेली. कोनमापक प्रत्येक जागी एकदा ठेवला, उलटा फिरवून पुन्हा ठेवला. दोन्ही वेळी तोच आकडा आला तरच तो खडूने फरशीवर लिहिला. गिअरबॉक्स मागे साडेपाच अंश खाली झुकलेला, शाफ्ट अर्ध्या अंशावर, पिनियन तीनवर. पुढच्या क्रॉसवर पाच अंश, मागच्यावर अडीच. घुमारा कुठून येतो ते फरशीवरच लिहिलेलं होतं.

कारण साधं होतं. मॅग्नम गिअरबॉक्स मूळच्या चार गिअरच्या खोक्यापेक्षा उंच आणि लठ्ठ आहे, तो कमॅरोच्या मधल्या पत्र्याच्या बोगद्यात मावत नाही. पत्रा कापून बोगदा उंच करायला हवा होता. आधीच्या कारागिराने पत्रा वाचवला आणि गिअरबॉक्सची शेपूट खाली दाबली. शिवाय हा गिअरबॉक्स लांबही, म्हणून शाफ्ट आखूड झालेला, आणि शाफ्ट आखूड असला की टोकांच्या उंचीतला तेवढाच फरक जास्त कोन करतो.

त्यात एक गोष्ट मला नव्याने कळली. मूळ गाडीचा चौथा गिअर एकास एक, म्हणजे इंजिन जेवढं फिरतं तेवढाच शाफ्ट. नव्या गिअरबॉक्समध्ये वरचे दोन गिअर इंजिनाला आराम देणारे आहेत. ते आहेत म्हणून मालक मागे ३.७३ गुणोत्तराचा दणकट ॲक्सल निर्धास्तपणे बसवतो, जिथे पूर्वी ३.०८चा असे. ताशी ११२ किलोमीटरला ६६ सेंटिमीटर व्यासाची चाकं धरली, तर जुना शाफ्ट मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेई, नवा ३,४०० घेतो. ०.६३च्या सहाव्या गिअरमध्ये इंजिन तेव्हा २,१००च्या आसपास शांत चालू असतं. चालकाला वाटतं गाडी विसावली आहे, आणि पायाखालचा शाफ्ट पूर्वी कधी नव्हता एवढ्या वेगाने, सेकंदाला शंभरहून जास्त वेळा ठोके देत असतो. पन्नास वर्षांपूर्वी खपून गेलेली चूक आज खपत नाही.

अशा गाड्या कापाव्यात का, यावर इथे भांडणं होतात. ज्या गाडीचं इंजिन आणि चेसिसचे क्रमांक जन्मापासून जुळतात, तिला हात लावू नये असं मानणाऱ्यांच्या बाजूने मीही आहे. १९६९मध्ये ॲल्युमिनियमच्या ४२७ घनइंची इंजिनाच्या झेडएल-१ कमॅरो फक्त ६९ झाल्या, त्यांतली एकही कापली जाऊ नये. पण त्या वर्षी एकूण कमॅरो झाल्या सुमारे २ लाख ४३ हजार, आणि त्यांतल्या पुष्कळ सहा सिलिंडरच्या साध्या गाड्या होत्या. त्यांतली एखादी आज आजोबा-नातवाला घेऊन हजार किलोमीटर जाऊन परत येत असेल, तर तिचं भलं झालं असं मला मनापासून वाटतं.

निळ्या गाडीचा बोगदा कापला गेला. नवा पत्रा ठोकून गोलाई दिली, वेल्डिंग केलं, शेपूट वर घेतली. गिअरबॉक्स तीन अंशांवर आला, शाफ्ट एकवर, पिनियन तीनवर होताच. दोन्ही क्रॉसवर दोन-दोन. पण म्हातारबुवा तिथे थांबले नाहीत. पाट्यांवरचा ॲक्सल जोराने ॲक्सिलरेटर दाबला की पीळ खातो, पिनियन नाक वर करतो. म्हणून विसाव्याच्या स्थितीत तो थोडा खाली हवा. त्यांनी पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यामध्ये एका अंशाची लोखंडी पाचर घातली. एवढीशी ती पाचर, तिची जाड बाजू कुठे आणि पातळ कुठे, यावर सगळं ठरतं.

मग गाडी हायवेवर नेली. ११०ला न्यूट्रल करून इंजिन खाली सोडलं. घुमारा इंजिनाचा असता तर बदलला असता, शाफ्टचा असता तर तसाच राहिला असता. गिअरमध्ये असताना आणि न्यूट्रलमध्ये, दोन्ही वेळी काहीच ऐकू आलं नाही.

पण ४३० अश्वशक्ती गाडीत दुसरी कमकुवत जागा शोधतेच. सिग्नलवरून जोरात निघताना मागची चाकं आता टपटप उड्या मारू लागली. पूर्वीचं इंजिन पाट्यांना एवढं पिळू शकत नव्हतं. एलएसचं ऑइल चेंबर आणि या गाडीचा स्टेअरिंगचा आडवा दांडा एकाच जागेसाठी भांडतात, कारण १९६९पर्यंतच्या कमॅरोत स्टेअरिंगची जोडणी पुढच्या ॲक्सलरेषेच्या मागे आहे. इथे वेगळं उथळ चेंबर आहे, तरी पूर्ण वळवल्यावर मोकळी जागा बोटभरसुद्धा नाही. जुना पेट्रोलपंप पाच-सात पौंड दाब देई, नव्या इंजिनाला ५८ लागतात. आधीच्या गॅरेजने पंप टाकीबाहेर बसवला होता, तो उन्हात तापून कण्हतो. टाकीच बदलावी लागणार. पुढच्या चाकांची भूमिती मुळातच अशी की वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाक वरून बाहेरच्या बाजूला झुकतं. त्या काळच्या अरुंद टायरांना ते चालून गेलं, आजच्या रुंद टायरांची कडच तेवढी रस्त्याला लागते. त्यासाठी वरच्या आर्मचे सांधे खाली सरकवायचे किंवा पुढची चौकटच नवी घ्यायची. आणि पुढची चौकट नवी, मागे ताकद, तर मधलं अंग पिळवटतं. दारांच्या फटी बदलतात. म्हणून पुढच्या-मागच्या चौकटी जोडणारे दोन लोखंडी दांडे तळाला वेल्ड करायचे.

मालकाने मागच्या पाट्यांऐवजी चार दांड्यांची जोडणी आणि कॉइल स्प्रिंग बसवायला होकार दिला आहे. त्यासाठी मागच्या सीटखालचा पत्रा कापावा लागेल आणि ॲक्सल पूर्ण सोडवून काढावा लागेल. तो परत बसला की पाचर उपयोगाची नाही, दांड्यांची लांबी फिरवून पिनियनचा कोन लावायचा. तिन्ही जागा पुन्हा घासायच्या, टाकी निम्मी भरायची आणि फरशीवरचे खडूचे आकडे पुसून नवे लिहायचे.