पेशींमधली वाहतूक (भाग ६) : वासराच्या वाट्याचा चीक

गाय व्यायली की वार पडेपर्यंत वासराला सडाला लावायचं नाही, ही समजूत महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांत आजही पाळली जाते. वार पडायची वाट बघू नका, तासाभरात चीक पाजा, असं पशुवैद्य वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. वाट का बघायची नाही, याचं उत्तर प्रथिनांच्या प्रवासात आहे.

कासेतल्या पेशींमधून दुधात येणारी प्रथिनं दोन प्रकारची. काही तिथेच तयार होतात, काही रक्तातून येऊन पेशीतून नुसती पार होतात.

तिथे तयार होणाऱ्यांत मोठा वाटा केसीनचा. गाईच्या दुधात साधारण सव्वातीन टक्के प्रथिनं असतात आणि त्यातलं सुमारे ८० टक्के केसीन असतं. रायबोझोम या पेशीतल्या प्रथिनं विणणाऱ्या यंत्रावर केसीनची साखळी विणली जाऊ लागते तेव्हा सुरुवातीला पंधरा-वीस अमिनो आम्लांचा एक तुकडा बाहेर येतो. ही साखळी पेशीबाहेर जाणारी आहे, ही खूण त्या तुकड्यातच असते. त्यामुळे साखळी थेट आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याच्या, आत ओवली जाते आणि काम झालं की खुणेचा तुकडा कापला जातो. ही गोष्ट गुंटर ब्लोबेल यांनी उलगडली, त्यासाठी त्यांना १९९९ चं नोबेल मिळालं. पुढचा मुक्काम गॉल्गी संकुल. तिथे केसीनला फॉस्फेट जोडलं जातं, कॅल्शियम आत ओढलं जातं आणि हजारो रेणू मिळून सूक्ष्म गोळे बनतात. दुधाचा पांढरा रंग मुख्यतः या गोळ्यांवरून विखुरलेल्या प्रकाशाचा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, गॉल्गीतच तयार होते आणि आपल्यामागे पाणी ओढून घेते. मग केसीन, साखर आणि पाणी एकाच पुटिकेत, म्हणजे पातळ पटलाच्या इवल्याशा पिशवीत भरून निघतात. ती पिशवी पेशीच्या दुधाकडच्या कडेला जाऊन पटलाशी एकरूप होते आणि आतला माल बाहेर सांडतो. पिशवी नेमक्या जागीच कशी उघडते, याचा छडा लावणाऱ्या रँडी शेकमन, जेम्स रॉथमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं.

कडेपर्यंत जायला वाटा लागतात. पेशीतल्या सूक्ष्मनलिका या त्या वाटा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कुंपणांवर लाल-पिवळी फुलणारी कळलावी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि ते नेमक्या याच नलिका मोडतं. १९७० च्या दशकात शेळ्यांच्या कासेत कोल्चिसिन सोडून पाहिलं तेव्हा दूध घटलं आणि नंतर पूर्ववत झालं.

या वाटांवरून माल ओढणारी प्रथिनं वेगळी: कायनेसिन आणि डायनिन. कायनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने लेझरच्या चिमट्याने पेशीतला माल धरून या प्रथिनांचं बळ मोजलं. एकटं डायनिन कमजोर, पण अनेक डायनिन एकत्र आली की ओढ जबरदस्त होते, हे त्यांनी २०१३ मध्ये दाखवलं. महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेतलं हे काम शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

आता रक्तातून येऊन नुसती पार होणारी दुसऱ्या प्रकारची प्रथिनं, म्हणजेच चिकाची गोष्ट.

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, वारेतून, जन्माआधीच मिळतात. गाईची वार त्यांना पार जाऊ देत नाही, त्यामुळे वासरू जवळपास प्रतिपिंडांशिवायच जन्मतं. त्याची सोय कासेत झालेली असते. व्यायच्या आधीच्या काही आठवड्यांत कासेतल्या पेशी रक्तातली प्रतिपिंडं एका बाजूने पुटिकांमध्ये घेतात, पचू न देता पलीकडे नेतात आणि चिकात सोडतात. चांगल्या चिकात लिटरमागे ५० ग्रॅम किंवा जास्त प्रतिपिंडं असतात. नेहमीच्या दुधात ग्रॅमभरही मुश्किलीने.

तसाच प्रवास वासराच्या आतड्यात पुन्हा घडतो. जन्मल्यावर तिथल्या पेशी मोठमोठी प्रथिनं अख्खी गिळतात आणि पलीकडे सोडतात. तिथून ती लसिकेतून रक्तात जातात. वाटेत ती पचू नयेत म्हणून चिकात पाचक रसाला अडवणारा घटकही असतो. पण ही सोय पहिल्या काही तासांतच जोरात चालते आणि साधारण २४ तासांत बंद होते. त्यानंतर पाजलेला चीक पोटात जातो, पण त्यातली प्रतिपिंडं रक्तात पोचत नाहीत. वार पडायला कित्येकदा आठ ते बारा तास लागतात. तेवढ्यात मौल्यवान वेळ निघून जातो. शिवाय गोठ्यातले जिवाणू चिकाआधी आतड्यात पोचले तर वासराची आणखीच पंचाईत. म्हणून ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात तीन लिटर चीक आणि त्यातला निम्मा पहिल्या एक-दोन तासांत, हा हिशेब.

वारेचंच म्हणाल, तर वासरू चोखू लागलं की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. हे नऊ अमिनो आम्लांचं संप्रेरक मेंदूतल्या चेतापेशींत एका मोठ्या प्रथिनाचा भाग म्हणून तयार होतं, पुटिकांमध्ये भरून लांब अक्षतंतूतून खाली उतरतं आणि वाटेतच कापून वेगळं होतं. त्याने पान्हा फुटतो आणि गर्भाशयही आकुंचन पावतं. त्यामुळे वार सुटायला मदतच होते.

राहता राहिला खरवस. वासराचा वाटा देऊन उरलेल्या चिकाचा खरवस जरूर व्हावा. पण थोडा चीक गोठवून ठेवला तर ज्या वासराची आई आटलेली किंवा गेलेली आहे, त्याच्या कामी येतो. तो वितळवताना मात्र कोमट पाण्यातच वितळवायचा. उकळता केला तर प्रतिपिंडांची घडी मोडते आणि ती एकमेकांत गुंतून घट्ट होतात. विरजण न लावता नुसत्या वाफेवर खरवस जमतो, तो यामुळेच.