फवारणीच्या वेळचा पोशाख

चाकणच्या बाजारास कांदा-बटाटा नेणाऱ्या आमच्या खेड तालुक्यांतील शेतकऱ्यास आतां औषध फवारल्यावांचून पीक हातीं लागेनासें झालें आहे. परंतु फवारणाऱ्याच्या अंगावर काय असावें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. सन 2017 च्या पावसाळ्यांत व त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो इस्पितळांत पडले. त्या वर्षीं कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. फवारा डोक्याच्या उंचीवर धरावा लागे व तुषार उलट तोंडावर येत.

कायद्यांत तरतूद नव्हती असें नाहीं. 1971 च्या कीटकनाशक नियमांत अंगरखा, टोपी, रबरी हातमोजे, चष्मा व बूट हीं सर्व सांगितलेलीं आहेत. मग तीं अंगावर कां नव्हतीं? शेतकरी निष्काळजी, हें उत्तर सोपें आहे. प्रस्तुत लेखकास तें पटत नाहीं. माझ्या कारकुनीच्या दिवसांत एका छापील नमुन्यांत 'साधनें दिलीं होतीं काय' असा रकाना असे. तीं घालून घटकाभर तरी काम करतां येतें काय, असा रकाना नव्हता. गेल्या आश्विनांत मीं स्वतः प्लास्टिकचा अंगरखा घालून 16 लिटरचा पंप पाठीवर घेतला. दोन वाफे होण्यापूर्वींच घामानें न्हालों, चष्म्यावर वाफ धरली, आणि अंगरखा बांधावर टाकला. दोष कोणास द्यावा?

चाकणच्या कारखान्यांत जाणारा माझा पुतण्या सांगतो कीं, तेथें हातमोजे ज्याच्या त्याच्या मापाचे मिळतात, कारण सैल मोज्यांत बोटें वळत नाहींत. आमच्याकडे एकाच मापाचा मोजा सर्वांस. औषध कालवून देणाऱ्या बायकांच्या हातांत तर तो राहतच नाहीं. वस्तुतः कालवण्याच्या वेळींच औषध सर्वांत तीव्र असतें.

पुष्कळ जहाल औषधें श्वासापेक्षां कातडींतूनच अधिक शिरतात. कातडीही सर्वत्र सारखी नसते: हातापेक्षां कपाळ अधिक शोषतें, व जांघेचा भाग सर्वांत अधिक. म्हणून पंप ठिबकत असेल, तर पाठीवरून ओघळून कमरेखालीं उतरणारें पाणी फार घातक. पंप व पाठ यांच्या मध्यें जाड प्लास्टिकचा तुकडा बांधावा. उंच पिकांत ओलीं पानें समोरून लागतात, तेथें पुढचा पडदाही हवा. तोंडाला बांधलेला रुमाल एकदां भिजला कीं विष नाकापाशींच धरून ठेवतो. विजार बुटांत खोंचूं नये, बुटावरून सोडावी. फवारा खालीं असेल तर बाही मोज्यावर, वर असेल तर मोजा बाहीवर ओढून त्याची कड दुमडावी. नव्या चिलखती जाकिटांना एका ओढींत सुटण्याची सोय असते. आपल्या पंपाच्या पट्ट्यांनाही ती असावी, म्हणजे अंगावर औषध सांडतांच ओझें फेंकतां येईल.

बंगळूरच्या इन्स्टेम या सरकारी संस्थेनें सेपिओ हेल्थ कंपनीसह तयार केलेला 'किसान कवच' हा पोशाख डिसेंबर 2024 मध्यें दिल्लीस प्रसिद्ध झाला. त्याचें कापड विषाला केवळ अडवीत नाहीं. स्पर्श होतांच त्याचें विघटन करतें. तो धुऊन पुन्हां वापरतां येतो. त्या वेळीं किंमत 4,000 रुपये होती. एकट्यास ती जड आहे. गांवच्या सोसायटीनें लहान-मोठ्या मापांचे कांहीं घेऊन फवारणीपुरते द्यावेत, असें मला वाटतें. मात्र घेण्यापूर्वीं एखादा भर उन्हांत, पाठीवर पंप घेऊन, घालून पाहावा.

तोंवर फवारणी सकाळीं, वारा पाठीशीं घेऊन करावी. ते कपडे घरच्या धुण्यांत मिसळूं नयेत. कोणास गरगरूं लागलें, लाळ गळूं लागली, तर कपडे उतरवून अंग साबणानें धुवावें, व डॉक्टरांकडे नेतांना औषधाची बाटली बरोबर घ्यावी; तिच्यावरील नांव पाहूनच उतारा ठरतो.