परक्या तळ्याकाठी

मराठीच्या प्राध्यापकाने गळ घेऊन तळ्याकाठी बसावे, ही गोष्ट आमच्या स्टाफरूममध्ये अजून कोणाला पटलेली नाही. "व्याकरण शिकवून कंटाळलेला माणूस दुसरे काय करणार?" असे इतिहासाचे आमचे स्नेही म्हणतात. घरची मंडळीही फारशी निराळी नाहीत. रविवारी पहाटे मी पवईला निघालो, की "आज तरी काही लागू दे हो गळाला," असा सौभाग्यवतीचा आतून आवाज येतो. त्यात शुभेच्छा किती आणि टोमणा किती, हे वीस वर्षांच्या संसारानंतरही मला उकललेले नाही. तरीसुद्धा रोहू, कटला, मृगळ या मंडळींची नस आपल्याला सापडली आहे, असा माझा समज होता. तो समज २०२३ च्या जून महिन्यातल्या पहिल्या रविवारी, इंग्लंडातल्या एका तळ्यावर, सकाळी दहा ते दुपारी चार एवढ्या अवधीत बुडाला. त्याची ही हकीकत.

माझी थोरली बहीण लेस्टरला असते. भावोजींना तिकडे गेल्यावर मासेमारीचे वेड लागले आणि ते त्यांनी पोराच्या अंगी उतरवले. भाचा पंधरा वर्षांचा. बोलणे मोजके, मराठी बोलणे त्याहून मोजके. उन्हाळ्यात बापलेक जोडीच्या सामन्यांत उतरतात. त्या एप्रिलमध्ये भावोजींच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, आणि मी मेच्या सुटीत ताईला मदत म्हणून गेलो. भावोजींना ओझे उचलायची बंदी, आणि जूनच्या सामन्याचे पैसे तर आधीच भरलेले. "जोडीतला एक गडी बदलता येतो," भावोजी म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही बसा माझ्या जागेवर."

भाचा काही बोलला नाही. त्याने वडिलांची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली आणि खोलीत निघून गेला. त्या जागेवर दुसरे कोणी बसणे त्याला रुचले नव्हते, हे कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

आता तिथल्या माशाविषयी दोन शब्द. कार्प हे नाव परके वाटले तरी कूळ आपलेच. रोहू, कटला आणि मृगळ हेही कार्पच. युरोपातला जो कॉमन कार्प, त्याची एक जात १९३९ साली निलगिरीत आणली गेली आणि दुसरी १९५७ साली बँकॉकहून आली. आज आपल्या धरणांतले कोळी त्याला सायप्रिनस म्हणतात. याच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. ओठांशी मिशा, आणि त्या मिशांनी तो तळाचा चिखल चाचपीत फिरतो. इंग्रज माणूस या माशावर आपल्या नातेवाइकांपेक्षा अधिक जीव टाकतो. १९५२ साली रिचर्ड वॉकर नावाच्या गृहस्थांनी रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प धरला. त्याचे पुढे काय झाले असेल? कालवण? छे! तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात राहायला गेला, आणि लोक त्याला पाहायला जात. आयझॅक वॉल्टनचे १६५३ सालचे मासेमारीवरचे पुस्तक मी विद्यार्थिदशेत वाचले होते. त्यात कार्पवर एक अख्खे प्रकरण आहे. त्या प्रकरणाच्या जोरावर मी निर्धास्त होतो, हे इथेच कबूल करून टाकतो.

तळे लेस्टरपासून तासाभरावर, एका शेताच्या मागे मुद्दाम खणलेले. भावोजी आणि भाचा तिथे पूर्वी कधी गेले नव्हते, त्यामुळे तिघांनाही ते सारखेच परके. काठाने लाकडी फळ्यांचे चौथरे, प्रत्येकावर क्रमांक. त्या जागेला तिकडे पेग म्हणतात. सकाळी एका पिशवीत हात घालून क्रमांकाची सोंगटी काढायची. जी जागा निघेल ती तुमची, दिवसभर हलायचे नाही. धरलेला मासा पाण्यात सोडलेल्या लांब जाळ्यात ठेवायचा. एका जाळ्यात ५० पौंडांपेक्षा अधिक वजन चालत नाही, म्हणून जाळी दोन. गळाला उलटा काटा नको, म्हणजे माशाचे तोंड फाटत नाही. शेवटी एकूण वजन करायचे आणि सगळे मासे पुन्हा पाण्यात. जोडीतल्या दोघांची बेरीज धरतात. एका दिवसाचा परवाना मी काढला होता. भाच्याच्या वयाच्या मुलांना तो फुकट मिळतो.

भाच्याला मधली जागा मिळाली. मला एक कोपरा, बाजूला लव्हाळ्यांचे बेट आणि वारा थेट तोंडावर. मला तो कोपरा म्हणजे वर्गातला शेवटचा बाक वाटला. भावोजी लांबवर घडीच्या खुर्चीत बसले. माझ्या शेजारच्या पेगवर एक निवृत्त पोस्टमन होते. त्यांनी टोपी किंचित वर केली आणि पुढचे चार तास माझ्याकडे पाहिलेदेखील नाही.

दहाची शिटी झाली. पवईला मी जे करतो तेच केले. कणकेचा मोठा गोळा, रीळ सोडून लांब फेक, आणि मग बैठक. भावोजींची तेरा मीटरची कार्बनची काठी मला पेलवणार नाही, म्हणून मी साधी काठी घेतली होती. अकरा वाजले. बारा वाजले. बूच पाण्यावर असे स्थिर, की जणू कोणी खिळ्याने ठोकले आहे. पलीकडे भाच्याची काठी दर पाचदहा मिनिटांनी वाकत होती. तो चिमूटभर पेलेट टाकी, म्हणजे माशांच्या खाद्याचे बारीक दाणे, आणि थोडे थांबून पुन्हा चिमूटभर. मला ते पाहून कळायला हवे होते. ज्या तळ्यातल्या माशांना रोज शंभर हात बारीक दाणे भरवतात, ते माझ्या लाडवाएवढ्या गोळ्याला कशाला तोंड लावतील? पण वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आपली पद्धत चुकीची आहे असे मनात येत नाही. मासेच चुकीचे आहेत असे वाटते. मी आणखी लांब फेक केली.

दोन वाजेपर्यंत माझ्या जाळ्यात दोन मासे, दोन्ही मिळून चार पौंड. भाचा एकदा इकडे पाहून गेला. तो काही म्हणाला असता तर बरे झाले असते.

सव्वादोनच्या सुमारास पोस्टमनसाहेबांनी थर्मासमधला चहा ओतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पाणी तुमच्या पायाशीही आहे हो."

मी खाली पाहिले. लव्हाळ्याचे दोन दांडे हलले, आणि ते वाऱ्याने हलले नव्हते. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. सकाळपासून वारा माझ्या तोंडावर येत होता, म्हणजे वरचे कोमट पाणी आणि त्यावर तरंगणारे सगळे खाणे तो माझ्याच कोपऱ्यात लोटीत होता. ज्या कोपऱ्याला मी शेवटचा बाक म्हणून नाक मुरडले, तो पंगतीचा पाट होता! दुपार कलली की कार्प असाही काठाला येतो. तिथे आडोसा असतो आणि माणसांनी सांडलेले दाणे असतात.

भावोजींच्या काठीची टोकाकडची दोनच नळकांडी मी घेतली. तिच्या पोटात रबराचा दोर असतो. मासा पळाला की तो ताणतो, आणि मासा दमतो. गळाच्या दोऱ्याला शिसे लावून खोली पाहिली, ती जेमतेम अडीच फूट. मूठभर मका आणि पेलेट लव्हाळ्याशी सोडले, गळाला मक्याचा एक दाणा. बूच स्थिरावले आणि लगेच बुडाले. रबर सणाणत बाहेर आले, काठी हातात थरथरू लागली, आणि चार पौंडांचा सोनेरी मासा झोळीत आला. नंतरच्या दीड तासात मला घाम पुसायलाही सवड नव्हती. माझ्या तोंडून मधूनमधून मराठी उद्गार निघत होते. पोस्टमनसाहेब त्यावर मान डोलावीत.

आणि मग चारची शिटी झाली. त्याच क्षणी माझे बूच पाण्याखाली होते.

नियम सोपा आहे. शिटीपूर्वी लागलेला मासा बाहेर काढायला मुभा आहे. नंतर लागलेला धरत नाहीत. मी तो बाहेर काढला. दिवसातला सर्वांत मोठा, सहा पौंडांना कमी नसावा. आधी की नंतर? बूच बुडाले आणि शिटी वाजली, की शिटी वाजली आणि बूच बुडाले? पाहणारे कोणी नव्हते; पोस्टमनसाहेब सामान आवरीत होते. झोळी अजून माझ्या हातातच होती, तोवर भाचा धावत आला.

"मामा, शिटीच्या आधी?"

मी त्याच्याकडे पाहिले. हो म्हणायला एक अक्षर पुरे होते. ते ओठांपर्यंत आलेही होते, हेही खरे.

"नक्की नाही सांगता येत रे," मी म्हटले.

त्याने क्षणभर विचार केला. मग गुडघे टेकून त्यानेच झोळी पाण्यात बुडवली. मासा एकदा शेपूट हलवून लव्हाळ्यांत गेला.

काटा आला. भाच्याचे ५८ पौंड, माझे ३३. पहिल्या तीन जोड्यांना बक्षिसे होती. आम्ही चौथे आलो, १ पौंड ६ औंसांनी. सामान हातगाडीवर चढवताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सहा पौंडाचा होता ना?" मी म्हटले, "सातसुद्धा असेल." तो हसला. त्या मुक्कामात मला पाहून तो प्रथमच हसला होता.

गाडीत बसल्यावर भावोजींनी कितवे आलो ते विचारले नाही. त्यांनी वही काढली आणि विचारले, "पायाशी खोली किती होती?" अडीच फूट, मी म्हटले. वारा कुठून? मका की पेलेट? मासे किती वाजल्यापासून? मागच्या बाकावरून भाचा अर्ध्या मराठीत माझ्या चुका सुधारीत होता, आणि भावोजी लिहून घेत होते.

रात्री ठाण्याहून आईचा फोन आला. ताईने तिला सगळे आधीच सांगितले होते.

"एक्याण्णव पौंड म्हणजे किती रे?" तिने विचारले.

"एकेचाळीस किलो."

"अगोबाई! मग एवढ्याचं केलं काय?"

"सगळे परत सोडले."

पलीकडे बराच वेळ शांतता. "परत सोडायचे होते, तर धरलेत कशाला?"

मी फोन भाच्याच्या हातात दिला. "आजीला सांग," म्हटले, "मराठीत."