गाडीच्या टाकीचा ताळेबंद

मोटार कर्ज घेताना आपण मासिक हप्त्याचा हिशेब बारकाईने करतो. व्याजदर किती, मुदत किती, हप्ता पगारात बसेल की नाही, हे सारे पाहूनच अर्जावर सही होते. परंतु गाडीचा आणखी एक हप्ता आपण पेट्रोल पंपावर भरत असतो. तो हळूहळू वाढू लागला, तर त्याची सूचना देणारे पत्र मात्र कोठूनही येत नाही.

बदलीच्या निमित्ताने इंदूरला असताना मला याचा प्रत्यय आला. माझी २०११ सालची पेट्रोल गाडी लिटरमागे १५ किलोमीटर चालत असे. ती १२ वर आली. महिन्याला ९०० किलोमीटर प्रवास धरला, तर ६० लिटरऐवजी ७५ लिटर पेट्रोल लागणार. लिटरला १०० रुपये दर धरल्यास महिन्याला दीड हजार आणि वर्षाला १८ हजार रुपयांचा हा जादा भुर्दंड! एका गॅरेजने इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलण्याचे २६ हजारांचे अंदाजपत्रक हाती ठेवले. मुलीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरण्याचाच तो महिना होता. होकार देण्यापूर्वी, एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर, मी गाडी एका वयोवृद्ध मेकॅनिककडे नेली. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला : ॲव्हरेज मोजला कसा?

आधी मोजमाप, मग निदान

प्रश्न साधा होता, पण माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी केवळ अदमासाने बोलत होतो. खरी रीत अशी : पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा भरावी. मधले किलोमीटर भागिले या खेपेस भरलेले लिटर, हा झाला ॲव्हरेज. एका टाकीवर विसंबू नये. तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. मी तसे केले. आकडा १२ च्या आसपासच आला. तक्रार खरी ठरली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. मूळ साध्या पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांचा ॲव्हरेज या इंधनावर अंदाजे ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असे शासनाच्या २०२१ मधील इथेनॉल आराखड्यातच नमूद आहे. एवढी घट म्हणजे इंजिनातील बिघाड नव्हे. परंतु १५ वरून १२ म्हणजे २० टक्के घट. तिचे कारण शोधलेच पाहिजे.

इंजिनाबाहेरचे चोर

शोध नेहमी बिनखर्चाच्या कारणांपासून सुरू करावा. टायर थंड असताना हवा तपासावी. ती कमी असेल तर गाडी ओढण्यास जास्त शक्ती लागते. डिकीतले अनावश्यक ओझे उतरवावे. प्रवासानंतर एखाद्या चाकापाशी इतरांपेक्षा अधिक उष्णता जाणवली, तर तेथील ब्रेक अडकून राहत असण्याचा संभव आहे. गाडीभोवती पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र पुढचे सारे सोडून गळती आधी बंद करावी, कारण तेथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा असतो. एअर फिल्टरलाही सरसकट दोष देऊ नये. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत कोंदलेला फिल्टर पेट्रोल खात असे. इंजेक्शनच्या गाड्यांत त्याने मुख्यतः गाडीची ओढ कमी होते.

पटण्याजोगी खोटी नोंद

माझ्या गाडीत यांपैकी काहीच निघाले नाही. मग मेकॅनिकनी एक प्लग काढून दाखवला. त्यावर कोरडी काळी काजळी होती. इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल जास्त मिळत असल्याची ती खूण. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण होय. इंजिन थंड असताना मात्र गाडीचा संगणक मुद्दाम अधिक पेट्रोल सोडतो आणि इंजिन तापले की हात आखडता घेतो. इंजिन किती तापले, हे त्याला कूलंटमधला एक छोटा सेन्सर सांगतो. हा सेन्सर थंड असताना त्याचा विद्युतरोध जास्त असतो, तापल्यावर कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला त्यांनी स्कॅनर लावला. अशा वेळी आत येणारी हवा आणि कूलंट यांचे तापमान जवळपास सारखेच दिसावयास हवे. हवेचे २२ अंश दिसले, कूलंटचे १४. वीस मिनिटे इंजिन चालवल्यावर ते ९० अंशांच्या आसपास पोहोचायला हवे होते. स्कॅनर ४० वरच अडखळला. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर इंजिन खरोखरच थंड राहिले असते. पण तापमापकाने पाहता ते चांगले तापलेले होते. म्हणजे इंजिन ठीक होते, वार्ताहर खोटे बोलत होता.

सेन्सरच्या जोडणीतील पिना गंजल्या होत्या. गंजामुळे विद्युतरोध वाढला, संगणकाने त्याचा अर्थ ‘इंजिन थंड आहे’ असा लावला आणि तो इमानाने जादा पेट्रोल ओतत राहिला. आकडा अशक्य नव्हता, म्हणून डॅशबोर्डवरचा इशारा-दिवाही लागला नाही. यात आणखी एक धोका दडला होता. अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा याच सेन्सरच्या सांगण्यावर सुरू होतो. उन्हाळ्यात वाहतूककोंडीत पंखा वेळेवर फिरला नसता, तर संपूर्ण इंजिनावरच बेतले असते.

नवी जोडणी बसवण्यास काही शे रुपये लागले. पुढील तीन टाक्यांची सरासरी पुन्हा १५ वर आली. अंदाजपत्रकातला एकही भाग बदलावा लागला नाही.

बँकेत काम करणाऱ्यांना यात नवे काही वाटू नये. ताळेबंद जुळत नसेल तर आपण तिजोरी बदलत नाही; नोंदी तपासतो, आणि सर्वांत अवघड असते ती पटण्याजोगी चुकीची नोंद. गाडीचेही तसेच आहे. कोणी महागडा भाग बदलण्यास सांगितले, तर कोणत्या चाचणीवरून हे ठरले, एवढे नम्रपणे विचारावे. आणि एक छोटी वही गाडीच्या खणात ठेवावी : तारीख, किलोमीटर, लिटर. बिघाडाची पहिली वार्ता पुष्कळदा त्या वहीतूनच कळते.